पांढऱ्या मेंदूची बखर

गेल्या दिवाळीतली गोष्ट. पाडव्याची सकाळ होती. फराळाची ताटे पुढे आली होती आणि चकली खुसखुशीत झाली की कडक, या सनातन वादात घर गुंतले होते. आजोबांच्या काळी मुले सवायकी-दिडकी पाठ करीत, असे माझ्या धाकट्या चिरंजिवांना कोठून तरी कळले होते. त्याने एकदम विचारले, "आजोबा, तेवीस सव्वा किती?"

आमच्या नानांचे वय एकोणऐंशी. सारा जन्म धान्याच्या अडतीवर दिवाणजी म्हणून गेला. पावकी, निमकी, पाउणकी त्यांच्या जिभेवर अशी की, हमालाने पोत्यांचा आकडा उच्चारावा आणि ह्यांनी त्याच दमात रकमेचा. पण त्या दिवशी नाना काही बोललेच नाहीत. हातातला लाडू हातातच राहिला. आम्ही क्षणभर वाट पाहिली आणि मग, सांगायला लाज वाटते, मीच हसून म्हणालो, "अरे, साठी बुद्धी नाठी! सोड त्यांना." सगळे हसले. बोलणे फटाक्यांवर गेले, तेथून मुंबईच्या पाहुण्यांवर गेले. पाहुण्यांच्या गाडीची वेळ ठरत असताना नाना शांतपणे म्हणाले, "पावणेएकोणतीस."

उत्तर बिनचूक होते. फक्त उशिरा आले होते.

पुढे डिसेंबरात नाना चालताना अडखळू लागले, म्हणून शहरात नेऊन त्यांच्या मेंदूचे एम.आर.आय. चित्र काढले. डॉक्टरांनी ते काचेवर लावून दाखविले. चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके त्यात ठिकठिकाणी दिसत होते. "मेंदूच्या पांढऱ्या भागात वयाच्या खुणा आहेत," डॉक्टर म्हणाले, "रक्तदाब सांभाळा." बाहेर रोग्यांची रांग लागलेली. मेंदूत पांढरा भाग म्हणून काही असतो, हेच मला तेव्हा प्रथम कळले!

वाचकहो, माझे शास्त्राचे शिक्षण मॅट्रिकला संपले. शाळेत मी मराठी शिकवितो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. पण कादंबरीकाराला एक खोड असते. एखादे पात्र भेटले की त्याचे कूळ, मूळ, गोत्र कळल्याखेरीज त्याला चैन पडत नाही. वर्षभर मिळेल ते वाचीत, जाणत्यांना विचारीत मी या पांढऱ्या भागाची बखर जमविली. ती आज तुमच्यापुढे ठेवतो.

* * *

मेंदू कापला तर त्यात दोन रंग दिसतात. वरची साल करडी, आत पांढरे. करड्या भागात मज्जापेशींची वस्ती असते. विचार, आठवण, हिशेब यांची जुळणी होते ती मुख्यतः तेथे. पांढरा भाग म्हणजे या वस्त्यांना जोडणारे रस्ते. मज्जापेशीतून निघालेला लांब तंतू दूरच्या दुसऱ्या पेशीपर्यंत जातो, आणि असे असंख्य तंतू एकत्र आले की पांढरा भाग होतो. माणसाच्या मेंदूचा जवळजवळ अर्धा भाग असा रस्त्यांनी व्यापलेला आहे.

हे रस्ते पांढरे का? तंतूंवर स्निग्ध पदार्थाचे वेष्टण असते म्हणून. १८५४ साली रुडॉल्फ फिरखो या जर्मन पंडिताने त्याला 'मायेलिन' हे नाव दिले. ग्रीक भाषेत मज्जेला जो शब्द आहे, त्यावरून. कोरड्या वजनात मायेलिनचा सुमारे ७० टक्के भाग स्निग्धांशाचा असतो. दोन वर्षांनी फिरखोनेच मज्जापेशींच्या मधल्या भरावाला 'न्यूरोग्लिया' म्हटले. ग्लिया म्हणजे सरस. भिंतीच्या विटा महत्त्वाच्या, मधला चुना कोण पाहतो? पुढची सत्तर वर्षे या सरसाकडे बहुतेकांनी त्याच नजरेने पाहिले. आपल्या कथेचा नायक मात्र या सरसातच दडून बसला होता.

वेष्टणाचा उपयोग कळायलाही काळ जावा लागला. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो, हे कधी मोजता येईल असे जोहानेस म्यूलर या थोर शरीरशास्त्रज्ञाला वाटत नव्हते. त्याचाच शिष्य हेल्महोल्ट्झ याने १८५० साली बेडकाच्या पायाच्या तंतूवर तो मोजून दाखविला. सेकंदाला सुमारे २७ मीटर! विजेसारखा वाटणारा विचार आपल्या मेल गाडीच्या चालीने धावतो, हे कळल्यावर पुष्कळांचा हिरमोड झाला असेल. १८७१ साली पॅरिसच्या राँव्हिये याला दिसले की वेष्टण सलग नसते, ठराविक अंतरावर त्यात खंड पडलेला असतो. त्या खंडांचे मर्म १९३९ साली जपानचे इचिजी तासाकी यांनी आणि १९४९ साली हक्सली व श्टेम्फ्ली या जोडीने उलगडून दाखविले. संदेश तंतूतून सरपटत जात नाही. तो एका खंडावरून दुसऱ्या खंडावर उडी घेतो.

मुंबईच्या वाचकांना हे समजायला कष्ट नकोत. बिनवेष्टणाचा तंतू म्हणजे प्रत्येक स्टेशनावर थांबणारी धीमी लोकल, वेष्टणाचा तंतू म्हणजे जलद लोकल. बारीक उघड्या तंतूतून संदेश सेकंदाला मीटरभर रखडतो, जाड वेष्टणाच्या तंतूतून तो १०० मीटरपर्यंतही जातो. जलद गाडीचे रूळ खराब झाले म्हणजे काय होते, हेही मुंबईकरांस सांगावयास नको. प्रवासी जिवंत असतात, धडधाकट असतात. कचेरीत फक्त उशिरा पोचतात.

* * *

आता प्रश्न राहिला, मेंदूत हे वेष्टण चढवितो कोण? त्याचे उत्तर मिळाले स्पेनच्या माद्रिद शहरात, आणि ते मिळाले चांदीच्या साहाय्याने. लक्ष्मीपूजनाच्या दिवसांत ही गोष्ट सांगण्यात औचित्य आहे!

मेंदूच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पारदर्शक दिसतात. रंग दिल्याखेरीज काही उमगत नाही. इटलीत कामिल्लो गॉल्जी नावाचा डॉक्टर एका लहान गावच्या रुग्णालयात होता. तेथील स्वयंपाकघरात त्याने आपली प्रयोगशाळा थाटली होती. १८७३ साली त्याने चांदीच्या क्षाराने मज्जापेशी काळ्याभोर उमटविण्याची युक्ती काढली. ती युक्ती उचलून, सुधारून स्पेनच्या सान्तियागो रामॉन इ काहाल याने मेंदूचे अरण्य झाडागणिक रेखाटले. १९०६ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले.

हा काहाल मला फार आवडतो. त्याचे कारण ऐका. १९१३ साली त्याने सोन्याच्या क्षाराची नवी रंगपद्धत शोधून सरसातल्या तारकेसारख्या पेशी स्पष्ट दाखविल्या. तेव्हा त्याचे वय होते एकसष्ट! साठी उलटली होती, बुद्धी जागेवर होती. त्याच चित्रांत त्याला आणखी काही लहान पेशी दिसल्या. त्यांना फांद्या दिसेनात. काहालने त्यांना 'तिसरा घटक' एवढेच म्हटले. सोने त्यांच्या फांद्यांपर्यंत पोचतच नव्हते.

काहालच्या छायेत पिओ देल रिओ-ऑर्तेगा नावाचा, त्याच्याहून तीस वर्षांनी लहान असा एक अबोल संशोधक काम करी. १९१८ साली त्याने चांदीचाच दुसरा क्षार वापरून नवी पद्धत बसविली, आणि 'तिसरा घटक' हा एक नसून दोन निरनिराळ्या जातींच्या पेशी आहेत, असे त्याला दिसले. एक जात मेंदूतला कचरा वेचणारी. दुसरीला मोजक्या, बारीक फांद्या असून त्या तंतूंना जाऊन बिलगलेल्या. १९२१ साली त्याने हिला नाव दिले ते ग्रीकमधून, 'थोड्या फांद्यांची' अशा अर्थाचे. ऑलिगोडेंड्रोसाइट हे आजचे नाव त्यातूनच आले. आपण तिला अल्पशाखी पेशी म्हणू. तंतूंवर मायेलिन चढविणारी ती हीच, असे ऑर्तेगाचे मत होते.

ज्याने उभा जन्म मेंदू पाहण्यात घालविला, त्या वृद्ध गुरूला न दिसलेले शिष्याला दिसले! असे प्रसंग अवघड असतात. मतभेद होते, स्वभाव जुळत नव्हते, कान भरणारेही होते. आणि १९२० सालीच ऑर्तेगाला काहालची प्रयोगशाळा सोडावी लागली होती. माद्रिदच्या विद्यार्थी-निवासात त्याची निराळी सोय झाली. अल्पशाखी पेशींविषयी काहालला शंका होती. अखेर अमेरिकेहून आलेल्या वाइल्डर पेनफील्ड या तरुण शल्यवैद्याने १९२४ साली माद्रिदला राहून ती पद्धत शिकून घेतली आणि ऑर्तेगाचे म्हणणे खरे असल्याची ग्वाही दिली. वेष्टणाच्या कामाचा पक्का पुरावा मात्र साठच्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर मिळाला. एक अल्पशाखी पेशी आपल्या फांद्यांनी चाळीस-पन्नास ठिकाणीही वेष्टण चढवू शकते. पापुद्र्यावर पापुद्रा, चिरोट्याला नसतील इतके!

ते पाहायला ऑर्तेगा नव्हता. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटली आणि त्याला देश सोडावा लागला. पॅरिस, ऑक्सफर्ड असा भटकत तो अर्जेंटिनाला गेला आणि १९४५ साली ब्वेनोस आयरेसला वारला. नोबेलने त्याला हुलकावणी दिली. चाळीस वर्षांनंतर, १९८६ साली, त्याच्या अस्थी मायदेशी आणण्यात आल्या.

आणि काहाल? त्याने अखेरच्या वर्षी, १९३४ साली, एक पुस्तक प्रसिद्ध केले. ऐंशीव्या वर्षी जग कसे दिसते, हा त्याचा विषय. आणि उपनावात त्याने स्वतःला म्हटले होते, धमन्या कठीण झालेला एक माणूस. डोळे, कान, झोप, स्मरण यांचे काय होते, ते त्याने आपल्यावरच पाहून लिहिले. जगाला मेंदूचा नकाशा देणारा हा म्हातारा, आपल्याच नकाशातले रस्ते कसे झिजतात हे न्याहाळीत बसला होता. हे पुस्तक छापून झाले त्याच वर्षी ऑक्टोबरात तो गेला.

* * *

रस्ते झिजतात कसे, हे आता पुष्कळसे कळले आहे. वेष्टणे सगळ्या मेंदूवर एकदम चढत नाहीत, हे लाइपझिगच्या पाउल फ्लेक्सिख याने गेल्याच्या गेल्या शतकात दाखविले होते. श्वास, हालचाल, दृष्टी यांचे रस्ते आधी; विवेकाचा, आवर घालण्याचा जो पुढचा भाग, त्याचे सर्वांत शेवटी. ते काम विशीच्या पुढेही चालू राहते. हे वाचले आणि मला माझा वर्ग आठवला. "पटकन बोल, पटकन!" असे मी किती मुलांना दरडावले असेन! त्या बिचाऱ्यांचे रस्ते अजून बांधले जात होते.

अमेरिकेत जॉर्ज बार्टझोकिस यांनी १९ ते ७६ वयाच्या ७० पुरुषांच्या मेंदूंची चित्रे काढून २००१ साली असे सांगितले की, पुढच्या भागातले पांढरे द्रव्य ४४व्या वर्षापर्यंत वाढते आणि बाजूच्या भागातले ४७व्या वर्षापर्यंत. मग उतार. मी यंदा ४७ पुरी केली! शिखरावर उभा आहे म्हणून आनंद मानावा, की पुढे उतारच आहे म्हणून दुःख करावे, ते कळेना.

डेन्मार्कच्या संशोधकांनी तर तंतूंची लांबीच मोजली. २००३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणे, विशीतल्या पुरुषाच्या मेंदूत वेष्टणाचे तंतू सुमारे १,७६,००० किलोमीटर असतात, स्त्रीच्या मेंदूत सुमारे १,४९,०००. ऐंशीव्या वर्षी ते अनुक्रमे ९७,२०० आणि ८२,००० उरतात. दर दहा वर्षांना सुमारे १० टक्के घट! पृथ्वीला चार वेढे घालून उरेल एवढी दोरी घेऊन आपण निघतो आणि अडीच वेढ्यांहून कमी घेऊन घरी येतो. स्त्रियांची दोरी आखूड म्हणून कोणी पुरुषाने मिशीवर ताव देऊ नये. आमच्या घरचा महिन्याचा हिशेब कोणाला जमतो, हे मी येथे लिहीत नाही.

म्हातारपणी मज्जापेशी धडाधड मरतात, अशी पूर्वी समजूत होती. बॉस्टनच्या ॲलन पीटर्स यांनी वृद्ध माकडांचे मेंदू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षे पाहिले. करड्या सालीतील पेशी बहुतांशी शाबूत होत्या. बिघाड वेष्टणांत होता. कोठे पापुद्रे सुटलेले, कोठे आत पाण्याचे फुगे धरलेले. पण त्यांच्याच शेजारी आखूड, पातळ अशी नवी वेष्टणेही दिसत होती. ती होती ठिगळे! म्हणजे कोणीतरी तेथे डागडुजी करीत होते.

नानांच्या चित्रातल्या ठिपक्यांना १९८७ साली हॅकिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ल्यूको-अरायोसिस' असे नाव दिले. पांढरा भाग विरळ होणे, असा त्याचा अर्थ. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या कठीण झाल्या, रक्त पुरेसे पोचेनासे झाले की असे ठिपके पडतात. काहालने उपनावात स्वतःविषयी लिहिले होते, ते मला येथे पुन्हा आठवले.

* * *

डागडुजी करणारे कोण? १९६१ साली अमेरिकेत बंगे दांपत्य आणि हान्स रिस यांनी दाखविले की, प्रौढ मांजराच्या मज्जारज्जूतले वेष्टण नष्ट केले तर ते पुन्हा चढते. १९८३ साली लंडनच्या मार्टिन रॅफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदराच्या जातीच्या प्राण्यात अशी पेशी सापडली, जिच्यापासून अल्पशाखी पेशी तयार होते. मी तिला उमेदवार पेशी म्हणतो, कारण ती खरोखरच कारखान्यात उमेदवारी करणाऱ्या पोरासारखी आहे. असे उमेदवार प्रौढ मेंदूतही राहतात. मेंदूच्या पेशींत त्यांचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास असते.

जुन्या कारागिरांचे वय कसे काढले, ती हकीकत तर कादंबरीत शोभेल अशी आहे. १९५५ ते १९६३ या काळात महासत्तांनी उघड्या हवेत अणुबाँबच्या चाचण्या केल्या. त्यामुळे हवेतील किरणोत्सारी कार्बन वाढला आणि अन्नावाटे साऱ्या माणसांच्या पेशींत शिरला. १९६३च्या करारानंतर तो उतरत गेला. पेशीच्या केंद्रात कार्बन किती, यावरून तिचा जन्म कोणत्या सालचा ते सांगता येते! स्टॉकहोमच्या संशोधकांनी २०१४ साली या मार्गाने सांगितले की, मेंदूचे दोन अर्धगोल जोडणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यातील अल्पशाखी पेशी बहुतेक बालपणीच तयार होतात. नंतर वर्षाकाठी ३०० पैकी एखादीच बदलते. मायेलिन मात्र पुनःपुन्हा नवे होत राहते. नाना पाच वर्षांचे असताना जे कारागीर कामाला लागले, त्यांतले बहुतेक आजही कामावर आहेत. पाऊण शतकाची चाकरी, एक दिवसाची रजा नाही!

वय झाले म्हणजे उमेदवार नाहीसे होत नाहीत. ते पक्के कारागीर होईनासे होतात. शिवाय गळून पडलेल्या मायेलिनचा कचरा लवकर हलत नाही आणि भोवतालची जागा कठीण होत जाते. केंब्रिजच्या रॉबिन फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली म्हाताऱ्या उंदराचा रक्तप्रवाह तरुण उंदराशी जोडला, तेव्हा म्हाताऱ्याचे मंदावलेले काम पुन्हा नीट सुरू झाले. २०१९ साली याच मंडळींनी दाखविले की, वृद्ध उमेदवार पेशींना मऊ जागी ठेवले तर त्या तरुणासारख्या वागतात. २०२२ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तरुण उंदरांच्या मेंदूतील द्रव वृद्ध उंदरांच्या मेंदूत सोडला. त्यांच्यात नव्या अल्पशाखी पेशी होऊ लागल्या, स्मरणही सुधारले. हे सगळे उंदरांचे. माणसाच्या म्हातारपणावरचे औषध म्हणून यातले काही हाती आलेले नाही, आणि कोणी बाटलीत भरून विकू लागला तर त्याच्यापासून दूर राहावे.

आपल्या हाती मात्र दोन गोष्टी आहेत. एक, रक्तदाब. २०१९ साली अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत आढळले की, रक्तदाब अधिक काटेकोरपणे खाली ठेवलेल्या माणसांत पांढऱ्या भागातील ठिपके कमी वाढले. डॉक्टरांच्या एका वाक्यात केवढे शहाणपण होते! दुसरी गोष्ट म्हणजे वापर. ऑक्सफर्डला २००९ साली प्रौढ माणसांना सहा आठवडे हातचलाखीने चेंडू झेलायला शिकविले, तर त्यांच्या पांढऱ्या भागात फरक दिसला. लंडनला २०१४ साली उंदरांना अडचणीच्या चक्रावर धावायला लावले. ज्यांना नवे मायेलिन करता येत नव्हते, ते शिकण्यात मागे पडले. चाललेली वाटच दुरुस्त होते.

* * *

'नाठी' म्हणजे पळाली, नाहीशी झाली. आपली म्हण तेवढी दुरुस्त करावी, असे मला वाटते. सगळ्यांच्याच बाबतीत नव्हे. काही दुखणी बुद्धीची खरोखर राखरांगोळी करतात आणि त्या घरांचे दुःख मी जाणतो. नानांच्या उशिराला नेमके कोणते झिजलेले वेष्टण कारण आहे, हेही माझ्यासारख्या मास्तराने सांगू नये. पण पुष्कळ वृद्धांच्या बाबतीत बुद्धी पळालेली नसते. ती वाटेत असते. तेवीस सव्वांचे उत्तर त्या सकाळी नानांच्या डोक्यात होतेच. जुन्या, खड्ड्यांच्या रस्त्याने ते निघाले होते. ते पोचेपर्यंत स्टेशनावर कोणी थांबले नाही, एवढेच.

या वर्षात आमच्या घरी एक बदल झाला आहे. रक्तदाबाची गोळी सकाळी सातला, संध्याकाळी देवळापर्यंत चालणे, आणि रात्री जेवणानंतर नातवाला सवायकी. शिकवणारे नाना, शिकणारा तो. नाना मध्येच थांबतात. मग तोही थांबतो. परवा मी दाराआडून पाहत होतो. "सत्तावीस सव्वा?" त्याने विचारले. नाना गप्प झाले. मला राहवेना, उत्तर माझ्या ओठांवर आले होते. चिरंजिवांनी माझ्याकडे पाहून तोंडावर बोट ठेवले.

घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग नाना म्हणाले, "पावणेचौतीस."